इंग्लंडात ग्रामर स्कूलला पोरांना घालायचंय? आधी पत्ता, मग तारीख, मग अभ्यास

गेल्या महिन्यात तीन फोन आले आणि तिन्ही एकाच विषयाचे. एक खानापूरच्या काकू, त्यांची लेक नर्स म्हणून तिकडं गेलीय, नातू नऊ वर्षांचा. दुसरे निपाणीचे एक ओळखीचे, आणि तिसरी माझी कॉलेजची मैत्रीण, तिचा भाऊ तिकडं डॉक्टर आहे. तिघांनी पहिला प्रश्न एकच टाकला, "तुझ्या भाचीला तिकडं ग्रामर स्कूलला सीट लागली म्हणे, पुस्तकं कुठली घेतलीस?" पुस्तकांचं सांगते की, खरं पुस्तक हा तिसऱ्या नंबरचा विषय आहे. आम्हीपण पुस्तकांपासूनच सुरू केलं होतं आणि थोरल्या भाच्याच्या वेळी तोंडघशी पडलो. परत परत फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते, ज्याला पाहिजे त्याने पुढं पाठवा.

माझं सांगायचं तर मी बेळगावच्या वडगावात ट्युशन घेते, जास्त करून नवोदयच्या पोरांची. बहीण केंटमध्ये, लंडनच्या खालच्या अंगाला. तिला दोन पोरं, त्यातल्या धाकटीला मी इथून व्हिडिओ कॉलवर शिकवलं, त्यामुळं हे ऐकीव नाही, हात भाजून घेतलेलं आहे.

आधी ग्रामर स्कूल म्हणजे काय ते. पूर्वी तिथं लॅटिनचं व्याकरण शिकवायचे म्हणून ते नाव, आता व्याकरणाशी काही संबंध राहिला नाही. सरकारी शाळा, फी नाही, खरं परीक्षा घेऊन पोरं निवडतात. म्हणजे आपल्या नवोदयसारखंच समजा, फक्त बहुतेक ठिकाणी हॉस्टेल नाही, रोज जाऊन-येऊन. १९४४ च्या कायद्यानंतर तिकडं अकराव्या वर्षी पोरांची वाटणी व्हायची, परीक्षेत वर आले ते ग्रामरला, बाकीचे दुसऱ्या शाळेत. १९६५ पासून सरकारनं सगळ्यांना एकच शाळा असं धोरण आणलं, बऱ्याच जिल्ह्यांनी ग्रामर बंद केल्या, काहींनी नाही केल्या, आणि १९९८ च्या कायद्यानं नवीन ग्रामर स्कूल काढायलाच बंदी आली. त्यामुळं आता पूर्ण इंग्लंडात १६३ उरल्यात आणि त्यापण विखुरलेल्या, कुठं झुबका कुठं शून्य. एकट्या केंटमध्ये ३२, लिंकनशायरात १५, बकिंगहॅमशायरात १३, बर्मिंगहॅमला ८, लंडनच्या कडेकडेच्या भागात काही. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये एकही नाही. नॉर्दर्न आयर्लंडची तऱ्हा वेगळी आहे, ते इथं घेत नाही.

लेस्टरला आपली माणसं भरपूर आहेत म्हणून तिकडं घर बघायला लागलेले एकजण होते. त्या भागात सरकारी ग्रामर स्कूलच नाही. लेस्टर ग्रामर स्कूल नावाची शाळा आहे, खरं ती खासगी, फी घेणारी. मँचेस्टर ग्रामर, ब्रिस्टल ग्रामर ह्यापण खासगीच. आणि उलटं बघा, टिफिन, हेन्रिएटा बार्नेट, विल्सन्स ह्यांच्या नावात ग्रामर नाही आणि त्या पक्क्या ग्रामर स्कूल आहेत. म्हणजे नावावर जाऊ नका, फी आहे का तेवढं बघा. खासगी शाळांच्या फीवर २०२५ च्या जानेवारीपासून २० टक्के व्हॅटपण बसलाय, त्यामुळं फीची शाळा आधीच जड, ती अजून जड झालीय.

आता पत्ता. सीमाभागातल्या माणसाला पत्त्याचं महत्त्व मी काय सांगायचं. आपल्या ८६५ गावांत नाव असलं तर महाराष्ट्रातल्या ऍडमिशनला एक वेगळी वाट उघडते, नसलं तर नाही, पोरगं तेवढंच हुशार असलं तरी. रेषेच्या कुठल्या बाजूला घर आहे ह्यावर किती गोष्टी ठरतात ते आपण जन्मल्यापासून बघायलोय. तिकडंपण तसंच आहे. परीक्षा पास होणं वेगळं आणि सीट मिळणं वेगळं. पास झालेली पोरं सीटांपेक्षा जास्त झाली की बहुतेक शाळा बघतात की घर कुठं आहे, त्यांच्या ठरलेल्या हद्दीत आहे का, शाळेपासून किती लांब. अंतर बहुतेक ठिकाणी नकाशावर सरळ रेषेत मोजतात, बस कुठून फिरून जाते ते कुणी विचारत नाही. त्याच्याही आधी सरकारच्या देखरेखीतली, अनाथ पोरं असतात, बऱ्याच शाळांत गरीब घरच्या पोरांना थोडं प्राधान्य असतं, भावंडं त्याच शाळेत असली तर कुठं कुठं त्याचा फायदा. हा क्रम प्रत्येक शाळेचा वेगळा असतो आणि शाळेच्या वेबसाइटवर ऍडमिशन पॉलिसी म्हणून छापलेला असतो. रटाळ असतंय वाचायला, चहा घेऊन बसा आणि वाचा. ह्या सगळ्या गाइडमधलं एकच काम करणार असाल तर तेवढं करा.

काही थोड्या शाळा पत्ता फारसा बघत नाहीत, वरच्या मार्कांपासून खाली यादी लावतात. लंडनच्या बार्नेटमधली क्वीन एलिझाबेथ्स ही त्यातली. तिथं पास होऊन भागत नाही, अगदी वरच्या फळीत यावं लागतं आणि लांबलांबून पोरं येतात परीक्षेला. पोरगं खरंच तसलं असेल तर जरूर बसवा, खरं त्याच एका शाळेवर सगळं लावून बसू नका.

आणि खोटा पत्ता देऊ नका. "मावशीच्या घराचा पत्ता टाकूया की" हे आपल्याकडं सहज बोललं जातं. तिकडं कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे कौन्सिल ह्या तिथल्या स्थानिक कारभाराच्या घरपट्टीचं, बिल, भाड्याचा करार असलं सगळं मागतात आणि नंतर उघडकीला आलं तर दिलेली सीट काढून घेतात. भाड्याचं घर चालतं, स्वतःचंच पाहिजे असं नाही.

इथं बसून अर्ज करता येईल का, हाही प्रश्न येतो. बेळगावात राहणाऱ्या पोराला फक्त शिकायला म्हणून सरकारी ग्रामर स्कूलला पाठवता येत नाही. लहान मुलांचा जो स्टुडंट व्हिसा असतो तो फी घेणाऱ्या शाळांसाठीच आहे, आणि व्हिजिटर व्हिसावर घेऊन जाऊन शाळेत घालायचं ते तर सोडाच. आई किंवा बाप तिकडं कामाच्या व्हिसावर असेल आणि पोरगं डिपेंडंट म्हणून सोबत राहत असेल तर मग काही अडचण नाही. व्हिसावर "सरकारी मदत मिळणार नाही" असं लिहिलेलं असतं ते बघून आमचे जावई आधी घाबरले होते, खरं सरकारी शाळा त्या मदतीत मोडत नाही. एक मात्र, केअर वर्कर म्हणून जाणाऱ्यांना ११ मार्च २०२४ पासून बायकापोरं नेता येत नव्हती, आणि २०२५ च्या जुलैपासून तर बाहेरून नवीन केअर वर्कर घेणंच बंद झालंय, हे इथले काही एजंट अजूनही नीट सांगत नाहीत.

आता तारखांकडं येते, आणि इथंच आमची चूक.

तिकडं शाळेचं वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट. पोराची इयत्ता जन्मतारखेवरून ठरते, पुढं ढकलणं मागं ओढणं सहसा नाही. सहावीला, म्हणजे इयर सिक्सला, गेल्या गेल्या सप्टेंबरात ही परीक्षा असते, तेव्हा पोर दहा वर्षांचं. सातवीपासून नवीन शाळा. नाव नोंदवायचं असतं त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात, पोर पाचवीत असतानाच. केंटला साधारण जून महिनाभर नोंदणी चालते आणि जुलै लागला की बंद. बहीण केंटमध्ये पोचली २०१९ च्या जुलैच्या शेवटी. घर शोधलं, सामान लावलं, थोरल्याला प्राथमिक शाळेत घातलं, आणि ऑगस्टात निवांत चौकशी केली की ती परीक्षा कधी असते ओ. तोपर्यंत मी इथून सराव पेपरांचा गठ्ठा तयार करून ठेवला होता, शहापूरच्या झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल बाइंडिंगसुद्धा केलेलं. सप्टेंबरात बाकीची पोरं परीक्षेला बसली आणि आमचा घरी. कुणाचा दोष म्हणायचा, आमचाच. फॉर्म भरायची तारीख आधी बघायची असते हे मी इथं नवोदयच्या पोरांच्या आयांना दरवर्षी ओरडून सांगते आणि घरच्याच पोराचं विसरले.

प्रत्येक भागाची नोंदणी वेगळी, तारखा वेगळ्या. बकिंगहॅमशायरात तिथल्या सरकारी प्राथमिक शाळेत असलेल्या पोराचं नाव आपोआप जातं, बाहेरून येणाऱ्याला स्वतः भरावं लागतं. बहिणीचं घर केंटच्या टोकाला, पलीकडं मेडवे. मेडवे म्हणजे ऐकायला केंटच वाटतं, नकाशातपण आतच दिसतंय, खरं कौन्सिल वेगळं, परीक्षा वेगळी, नोंदणी वेगळी. बेळगावातून चंदगडला जाताना मधे राज्य बदलतं तसं. धाकटीच्या वेळेला दोन्हीकडं नाव घातलं. नोंदणीला आणि परीक्षेला पैसे पडत नाहीत, त्यामुळं दोन ठिकाणी घालायला काय जातंय.

ऑक्टोबरात निकाल येतो आणि ३१ ऑक्टोबरला दुसरी मोठी तारीख असते, ती म्हणजे कौन्सिलच्या ऍडमिशन फॉर्मची. परीक्षेची नोंदणी केली म्हणजे ऍडमिशनचा फॉर्म भरला असं नव्हे, हे दोन वेगळे फॉर्म आहेत, आणि चांगले शिकलेले लोकसुद्धा इथं फसतात. मग थेट १ मार्चला कळतं कुठली शाळा मिळाली.

अभ्यासाचं आता. इंग्रजी, गणित, आणि रीझनिंगचे दोन-तीन प्रकार. बहुतेक ठिकाणी पेपर जीएल असेसमेंट ही संस्था काढते, पर्याय निवडायचे प्रश्न, उत्तरं वेगळ्या कागदावर. कुठल्या भागात काय येतं ते तिथल्या कौन्सिलच्या पानावर असतं, सगळीकडं सगळं नसतं, त्यामुळं नको ते घोकत बसू नका. जीएलच्या वेबसाइटवर नमुना पेपर फुकट आहेत, पहिल्यांदा ते सोडवून घ्या, मग ठरवा पोरगं कुठं आहे ते. विकत घ्यायची पुस्तकं त्यानंतर, आणि दोन-तीन पुरेत. ढीगभर आणून अर्धी कोरी ठेवण्यात काही मजा नाही.

नॉन-व्हर्बल रीझनिंग म्हटलं की लोक दचकतात. अहो, नवोदयचा मानसिक क्षमतेचा भाग बघितलाय का, आकृत्यांचा, वेगळी आकृती ओळखा, आरशातली ओळखा, कागद घडी घालून भोक पाडलं तर उलगडल्यावर कसा दिसेल. नवोदयला ८० पैकी ४० प्रश्न त्याचेच. तेच आहे हे. चिकोडी, रायबागकडची पोरं हे मराठीतून सोडवतात, तर लंडनजवळ राहणाऱ्या पोराला का जमणार नाही. माझ्याकडची नवोदयची जुनी पुस्तकं मी भाचीला तशीच वापरली, आकृतीला कुठली आलीय भाषा.

तिचं अडायचं ते खोक्याच्या प्रश्नात. सपाट कागद दिलेला असतो, त्यावर सहा चौकोन, प्रत्येकात वेगळं चित्र, आणि विचारतात घडी घालून ठोकळा केला तर कुठला होईल. स्क्रीनवर दाखवून दाखवून मी थकले. मग एकदा कुणीतरी तिकडं जाणारं होतं, त्यांच्याकडं कुंदा, आपली बेळगावची मिठाई, पाठवला होता. तिला म्हटलं, कुंदा खा आणि खोकं टाकू नकोस. कात्रीनं कडा सोडवायला लावल्या, खोकं टेबलावर सपाट पसरलं, आतल्या बाजूला तुपाचे डाग पडलेले. प्रत्येक बाजूवर स्केचपेननं एकेक चित्र काढलं, चांदणी, बाण, गोल असं, आणि परत घडी घातली. बाण चांदणीकडं तोंड करून आहे की पाठ, हे तिनं हातानं फिरवून बघितलं. दहा मिनिटं गेली. परत उलगडलं, परत जोडलं. त्यानंतर तिचे तसले प्रश्न फारसे चुकले नाहीत. त्या खोक्यावर अर्धं गावाचं नाव अजून दिसत होतं, ते तिनं फ्रिजला चिकटवून ठेवलं.

खरी अडचण इंग्रजीची असते, आणि ती अशी की पोरगं फाडफाड इंग्रजी बोलत असतं म्हणून आईबापांना ती दिसतच नाही. शाळेत मित्रांशी बोलायचं इंग्रजी वेगळं आणि त्या परीक्षेच्या उताऱ्यातलं वेगळं. घरात आपण मराठी बोलतो, बोलायलाच पाहिजे, खरं त्यामुळं घरातल्या वस्तूंचे, झाडाझुडपांचे, हवेचे जे शब्द इंग्रज पोराला आजीकडून आपसूक मिळतात ते आपल्याला मिळत नाहीत. एकदा उताऱ्यात "डस्क" आलं. तिला अर्थ लागेना, धूळ म्हणाली. मी म्हटलं, अगं तिन्हीसांज, दिवे लावायची वेळ, आजी उंबऱ्यात बसू नको म्हणते ना तेव्हाची. लगेच बसलं डोक्यात. तेव्हापासून आम्ही एक वही केली, इंग्रजी शब्द, पुढं मराठी शब्द, पुढं तिचं स्वतःचं एक वाक्य. डिक्शनरीतली इंग्रजी व्याख्या घोकण्यापेक्षा हे लवकर होतं. दिवसाला पाच शब्द, जास्त नाही. आणि तिकडं बऱ्याच गावांत वाचनालय असतं, पोरांना फुकट कार्ड मिळतं, आठवड्याला पुस्तकं आणा, जरा जुन्या धाटणीच्या गोष्टींचीपण आणा, परीक्षेतले उतारे बऱ्याचदा तसल्या वळणाचे असतात. घरी इंग्रजी बोलत नाहीत म्हणून सहसा कुणी मार्क वाढवून देत नाही, तेव्हा आधीच तयारी बरी.

गणितात आपलं पोरगं बरं असतं. तीसपर्यंत पाढे असले तर सोन्याहून पिवळं, तिकडं शाळेत बाराच्या पाढ्यापर्यंतच बघतात. खरं अडखळतात कुठं तर शाब्दिक उदाहरणात, पिंट, इंच, पाउंड वजनाचा की पाउंड पैशाचा, बसचं वेळापत्रक. हे पुस्तकापेक्षा दुकानात शिकतं. बहीण आठवड्याचा बाजार करायला जाताना पावती पोरीच्या हातात देते.

शिकवायची वेळ सांगते, कुणाला इथून मदत करायची असेल तर उपयोगी पडेल. उन्हाळ्यात आपण साडेचार तास पुढं, हिवाळ्यात साडेपाच. पोर साडेतीनला शाळेतून सुटलं की आपले आठ वाजलेले, आणि ऑक्टोबरच्या शेवटी त्यांचं घड्याळ मागं गेलं की नऊ. माझी बॅच साडेसातला संपते, भाकऱ्या टाकून मी बसायची. लाइट गेली की मोबाइलच्या नेटवर. रोज चाळीस मिनिटं, आठवड्यातनं चार दिवस, चौथीच्या शेवटापासून. शनिवारी एक पेपर घड्याळ लावून. ह्यापेक्षा जास्त करू नका असं माझं मत आहे, रविवारीसुद्धा दोन-दोन क्लास लावणारे आईबाप मी बघितलेत, इथंपण आणि तिकडचंपण ऐकलंय, आणि ती पोरं परीक्षेच्या दिवशी मलूल असतात.

उत्तरपत्रिकेची सवय लावा. आपल्या ओएमआरसारखंच, फक्त गोल रंगवायच्या ऐवजी बऱ्याच ठिकाणी चौकटीत आडवी रेघ मारायची असते. एक प्रश्न सोडला आणि कागदावर सोडला नाही की पुढची सगळी उत्तरं एकेक घर सरकतात. माझ्या नवोदयच्या एका पोराचं असं पूर्ण पान गेलं होतं, त्यामुळं भाचीला मी दर पाच प्रश्नांना बोटानं नंबर जुळवायला लावायचे. चुकीला मार्क कापत नाहीत, तेव्हा काहीही मोकळं सोडायचं नाही.

केंटला सोबत एक लिहायचा भागपण असतो, चाळीस मिनिटं, त्यातली दहा विचार करायला. त्याला मार्क नाहीत. खरं पोर थोडक्यात हुकलं तर त्याच्या प्राथमिक शाळेचे हेडमास्तर त्याचं प्रकरण मुख्याध्यापकांच्या एका समितीपुढं ठेवू शकतात, तेव्हा ते लिहिलेलं आणि वर्गातल्या वह्या बघतात. काही पोरं ह्या वाटेनं जातात. म्हणून शाळेतल्या वह्या नीट ठेवा आणि मार्क नाहीत म्हणून तो निबंध गचाळ लिहू देऊ नका.

मार्कांचं गणित जरा वेगळं आहे. कच्चे मार्क सांगत नाहीत, बाकीच्या पोरांशी तुलना करून आणि वय धरून काढलेला स्कोअर सांगतात. ऑगस्टात जन्मलेलं पोर आणि मागच्या सप्टेंबरात जन्मलेलं पोर एकाच वर्गात, जवळपास एक वर्षाचा फरक, तो फरक त्यात भरून काढतात. आमची भाची जुलैची, तिला ह्याचा फायदाच. बकिंगहॅमशायरात १२१ ला पास. केंटमध्ये तीन भागांची बेरीज, गेली काही वर्षं ३३२ च्या आसपास पाहिजे होती आणि शिवाय प्रत्येक भागात एक खालची मर्यादा, शंभराच्या थोडी वर. म्हणजे गणितात फाडलं आणि इंग्रजीत पडलं असं चालत नाही. रेषा दरवर्षी नव्यानं ठरते, तेव्हा मागच्या वर्षीचा आकडा देवासमोर ठेवायचा नाही.

निकाल आल्यावर शाळांचा क्रम लावायचा. तीनपासून सहापर्यंत नावं घालता येतात, कौन्सिलप्रमाणं. इथं लोक लय डोकं चालवतात, "ही पहिली घातली तर ती दुसरी रागावेल." सीईटीच्या ऑप्शन एंट्रीसारखं समजा. तुम्ही कुठल्या नंबरला कुठली शाळा घातली हे शाळेला दिसत नाही, शाळा फक्त आपल्या नियमानं पोरांची यादी लावते, आणि जिथं जिथं पोर बसतंय त्यातली तुमच्या यादीत सगळ्यात वरची असेल ती मिळते. म्हणून मनात जो खरा क्रम आहे तोच लिहा. आणि शेवटच्या एक-दोन जागी घराजवळची बिनपरीक्षेची शाळा घालाच. ती नाही घातली आणि वरचं काही लागलं नाही तर कौन्सिल जिथं जागा रिकामी आहे तिथं पाठवतं, ते कदाचित दोन बस बदलून जायचं असेल. नाही मिळालं तर वेटिंग लिस्ट असते आणि स्वतंत्र समितीपुढं अपीलपण करता येतं, खरं तिथं "माझं पोर लय हुशार आहे" ह्यापेक्षा कागद बोलतात.

आता ह्या शाळा खरंच भारी असतात का. इथं माझं मत थोडं वाकडं आहे, ऐका.

तिकडं सोळाव्या वर्षी जीसीएसई परीक्षा, आपल्या एसएसएलसीसारखी, म्हणजे दहावीच्या बोर्डासारखी, ९ ते १ ग्रेड, ९ सगळ्यात वर, ४ म्हणजे पास, ५ म्हणजे चांगला पास. शाळेची सरासरी काढतात त्याला अटेनमेंट ८ म्हणतात, आठ विषय, त्यात इंग्रजी आणि गणित दुप्पट धरून, म्हणजे जास्तीत जास्त ९०. देशाची सरासरी ४६ च्या आसपास असते आणि ग्रामर स्कूल सत्तरच्या पुढं सहज जातात. हे बघून लोकांचे डोळे पांढरे होतात. मे महिन्यात चन्नम्मा सर्कलला उभं राहून बघा, ६२५ पैकी ६२५ वाल्या पोरांचे फ्लेक्स लागलेले असतात, खाली कॉलेजांची नावं, या आमच्याकडं. ९५ टक्क्यांच्या वरचीच पोरं घ्यायची आणि दोन वर्षांनी रिझल्ट लावायचा आमचा. दुधावर साय आधीच धरलेली होती, तुम्ही फक्त वाटीत काढली. तिथंपण हाच वाद आहे. डरहॅम विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये आकडे तपासून म्हटलं की आत येणारी पोरं आधीच कशी होती, कुठल्या घरची होती ते धरलं तर ग्रामर स्कूलनं वेगळं काही जास्त दिलंय असं दिसत नाही.

ह्यासाठीच दुसरा आकडा असतो, प्रोग्रेस ८. पोर प्राथमिक शाळा सोडताना कुठं होतं आणि तसल्याच बाकीच्या पोरांच्या मानानं सोळाव्या वर्षी कुठं पोचलं, ते. शून्य म्हणजे सरासरी, वर असलं तर शाळेनं काहीतरी केलं. शाळा निवडताना मी हा आधी बघीन. खरं २०२५ आणि २०२६ च्या बॅचला हा आकडाच काढता येत नाही, कारण कोरोनात २०२० आणि २०२१ ला प्राथमिकच्या शेवटच्या परीक्षा झाल्याच नाहीत, सुरुवात कुठनं मोजणार. आमचा भाचा त्याच पहिल्या बॅचचा. तेव्हा २०२४ पर्यंतची दोन-तीन वर्षं बघा, सरकारच्या वेबसाइटवर प्रत्येक शाळेचं पान आहे. ऑफस्टेडचे, म्हणजे शाळा तपासणाऱ्या सरकारी खात्याचे, जुने रिपोर्टपण वाचा, एका शब्दाचा शेरा त्यांनी २०२४ च्या सप्टेंबरात बंद केला ते बरंच झालं, नाहीतर लोक तेवढा एक शब्द वाचून घर भाड्यानं घ्यायचे. आणि जमलं तर शाळेच्या ओपन डेला जा, पोराला घेऊन, कँटीनमध्ये पोरं एकमेकांशी कशी बोलतात ते बघा.

भाचीला मार्चमध्ये पहिल्या पसंतीचीच शाळा मिळाली, अंतरावर. पास झालेल्या पोरींत तिचा स्कोअर काही फार वर नव्हता. बहिणीनं ते घर दोन वर्षं आधी, शाळेचा नकाशा बघून भाड्यानं घेतलं होतं, स्वयंपाकघर एवढंसं आहे, दोन माणसं एकदम उभी राहत नाहीत.

आणि थोरल्याचं काय झालं ते सगळे विचारतात. तो घराजवळच्या साध्या शाळेत गेला. पहिलं वर्षभर बहीण फोनवर रडायची, माझ्यामुळं झालं म्हणून. त्याला तिथं गणिताचे एक सर चांगले लाभले. ग्रामर स्कूलचं दार सोळाव्या वर्षी परत एकदा उघडतं, सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे आपल्या पीयूसीला, अकरावी-बारावीला म्हणा, तिथं रीझनिंग वगैरे काही नाही, जीसीएसईचे ग्रेड बघतात, आणि जो विषय घ्यायचाय त्यात बऱ्याचदा ७ किंवा वर मागतात. बाहेरच्यांसाठी थोड्या जागा असतात, अर्ज हिवाळ्यातच करून ठेवायचा असतो, निकालाची वाट बघत बसायचं नाही. ह्या वेळी तारीख मी कॅलेंडरवर लाल पेननं लिहिली होती. २१ ऑगस्ट २०२५ ला निकाल, गणपतीला सहा दिवस राहिलेले, मी दुपारी माळ्यावरून मखराचं सामान काढत होते आणि फोन वाजला. "मावशी, मॅथ्सला ८, फिजिक्सला ७." मी विचारलं, आणि इंग्रजीला? तो हसायला लागला, म्हणाला ते आईला विचार.